डाव्या हाताची मुळाक्षरं

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ओळी खाली उतरत जातात, आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मला कधी धड कळलं नाही. शाळा चौथीपर्यंतच. हे कुणी वाचेल असं वाटत नाही, पण वाचलंच तर चुका पोटात घाला. मी हे माझ्यापुरतंच लिहितेय. जे झालं त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही, आणि तोंडानं सांगायचं तर माझ्याच्यानं होत नाही. चार बायांत बसले तरी मी हळूहळू भिंतीकडं सरकत जाते.

आमची वाडी देवगाव रंगारीच्या अलीकडं. वाडीतली शाळा चौथीला संपायची. पाचवीसाठी देवगावला जावं लागे, आणि मला कुणी पाठवलं नाही. त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे मी इंग्रजीच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरूनच माघारी आले. नंतर शहरात ती अक्षरं जिथं तिथं दिसायची, पण रोज रस्त्यात भेटणाऱ्या अनोळखी माणसांसारखी. तोंडं ओळखीची, नावं ठाऊक नाहीत.

लग्नानंतर आम्ही आधी पैठणकडं कालव्याच्या कामावर होतो. आमचे हे गवंडी. तिथलं काम सरलं तसे इथं शहरात आलो, पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि मी घरोघरी पोळ्या लाटायला लागले. मी सांगतेय ती वर्षं दुष्काळाची. शहर मात्र नुसतं वाढत होतं. ज्या वावरातून वाट काढत मी सकाळी कामाला जायची, तिथं बघता बघता खड्डे झाले, मग खांब, मग मजले. वर मजले चढत होते आणि खाली विहिरी उतरत होत्या. नळाचा भरवसा नव्हता. ज्याच्या त्याच्या घरात पिंपं, हंडे, बादल्या, आणि टँकरचा भोंगा ऐकला की ताटावरून उठून पळायचं.

पोळ्यांच्या घरांपैकी एक काकूंचं. काकू पाटबंधाऱ्याच्या कचेरीत टंकलेखनाला होत्या, निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगा पुण्याला. बंगल्यात एकट्या. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवत नसत. जुनी साडी पुढं केली तेव्हा मी नको म्हणाले, तर रागावल्या नाहीत, पुन्हा विचारलंही नाही. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात एक नेम आहे. कुणाचं उतरलेलं अंगावर घालायचं नाही, उरलेलं पानात घ्यायचं नाही. काम करायचं आणि कामाचा दाम घ्यायचा. आई हे रागानं सांगत नसे. अंगण झाडावं तितक्या सहज सांगायची. त्यामुळं मलाही ते कधी जड वाटलं नाही. जड वाटलं ते एकदाच, आणि तेच मला इथं लिहायचंय.

काकू पडल्या आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. चार दिवस दाबला आणि चेंडू गेला कपाटामागं. "चेंडू दाबत बसायला मी काय बालवाडीत आहे?" म्हणाल्या. मग एका दुपारी रिक्षातून उतरल्या त्या काळी लांबडी पिशवी घेऊन. आत गिटार. कॉलेजात असल्यापासून शिकायची होती म्हणे. आता डॉक्टरांनीच बोटं हलवायला सांगितलीत, तर चेंडूपेक्षा ही बरी.

शिकवायला सर यायचे. जुन्या शहरातले, मेंदी लावलेली दाढी, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवून वय झालेलं. यायचे संध्याकाळी, मी काकूंची कणीक मळत असायची त्या वेळेला.

पहिल्या दिवशी सरांनी बाहेरच्या खोलीत सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला. मी आत ओट्याशी. आवाज बाहेर झाला आणि माझ्या शेजारचं पिंप बोललं. खरंच बोललं. रिकामं होतं, पाण्याची वाट बघत उभं. मी कणकेचा हात तसाच त्याच्या पत्र्याला लावला, तर आत मुंग्या चालाव्यात तसं थरथरत होतं. सरांनी पुन्हा हात फिरवला, पुन्हा पिंप गुणगुणलं. त्या पिंपाला मी रोज घासायची, त्याच्या आत हे आहे हे मला कसं कळणार?

पुढच्या वेळी टँकर येऊन गेलेला. पिंप काठोकाठ. सरांनी तेच वाजवलं, पण पिंप गप्प. मी कान लावून उभी राहिले. काही नाही. मला राहवेना. चहा द्यायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि जमिनीकडं बघत काकूंना म्हणाले, "काकू, पिंप आज का बोलंना?"

"कोण बोलत नाही?"

"पिंप. परवा बोलत व्हतं. यांनी वाजवलं की."

काकूंना वाटलं मला ऊन लागलंय. सरांनी मात्र चहा खाली ठेवला. म्हणाले, "सही बोल रई आपा. खाली था तो बोला. भरे हुए में जगा कां है? आवाज को रहने को जगा होना." आणि गिटारीच्या पोटातलं गोल भोक दाखवलं. "ये भी खालीच है, देखो."

आपा. म्हणजे थोरली बहीण. मला आजवर कुणी आपा म्हटलं नव्हतं. मी आत पळाले.

पण त्या दिवसापासून काकूंनी मला सोडलं नाही. "ये इकडं, बस."

"नको काकू, हात कणकेचे हायत."

"मग धू. अर्धाच तांब्या घे. अगं, मला एकटीला चुकायची लाज वाटते. तू माझ्यापेक्षा जास्त चूक, म्हणजे मी बरी दिसेन."

मी बसले. सरांनी गिटार मांडीवर दिली. मी तिची लांब मान उजव्या हातात धरली. काम अवघड दिसत होतं, आणि अवघड काम आपलं उजव्या हाताचं. शिवाय मनात हिशेब असा की तव्यावरच्या पोळ्या उलटून उलटून माझ्या उजव्या बोटांना चटका कळत नाही, मग तारेचं काय वाटणार?

"उल्टी पकडे आपा," सर म्हणाले, आणि गिटार फिरवून दिली. "सीधे हात को आराम. सारा दिमाग उल्टे हात का."

मला वाटलं थट्टा करतायत. डावा हात? डाव्या हातानं काही दिलं तर आई लहानपणी हातावर चापट मारायची. डाव्यानं घ्यायचं नाही, द्यायचं नाही, जेवायचं नाही. माझ्या डाव्या हातानं आयुष्यात काय केलं? परात धरली, हंडा धरला, लेकरू धरलं. काम उजवा करी, डावा नुसता धरून ठेवी. आणि इथं तोच सूर धरणार आणि उजवा वरून नुसता हात फिरवणार. मी माझी डावी बोटं समोर धरून बघितली. कणीक नाही, चटका नाही, डाग नाही. एखाद्या बसून खाणाऱ्या बाईची बोटं असावीत तशी. एवढी वर्षं माझ्याच अंगाला होती आणि मी त्यांच्याकडं कधी बघितलंच नव्हतं.

बांगड्या लाकडावर खणखणायच्या म्हणून मी त्या कोपराकडं सरकवून वर रुमाल बांधला. सरांनी दोन बोटं दोन तारांवर ठेवून दिली. "दबाओ. ये ई मायनर. सबसे आसान."

"मायनर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हौ, मायनर."

"मग मोठा कालवा कुठंय?"

सर माझ्याकडं बघत राहिले. मीही त्यांच्याकडं. पैठणकडं आम्ही ज्याच्यावर खडी टाकली, सिमेंट कालवलं, तो मायनरच. मोठ्या कालव्यातून फुटून वावरांकडं जाणारा लहान फाटा. तिकडं सगळी माणसं त्याला मायनरच म्हणायची. मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता.

काकू हसायला लागल्या ते थांबेचनात. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "अहो सर, बरोबर बोलतेय ती. मी सगळी नोकरी हेच टाईप केलं. डावा कालवा, मायनर अमुक, मायनर तमुक. आणि तुम्ही वाजवलंत तेव्हा मला आठवलंसुद्धा नाही!"

सरांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. दाढी खाजवली. मग गिटार घेऊन म्हणाले, "तो सुनो. ये भरी हुई नहर, तुम्हारा बडा कालवा." तीन बोटं ठेवून वाजवलं. खोलीत एकदम उजेड झाल्यासारखं वाटलं. "और ये मायनर." तीनातलं एकच बोट उचललं. दुसरं काही हललं नाही. पण उजेड गेला आणि सांज झाली. आम्ही काम संपवून निघालो तेव्हा भरून वाहणारा तो फाटा आणि अलीकडं एकदा नातेवाइकाकडं जाताना बसमधून दिसलेला, भेगा पडलेला, आत बोरी उगवलेला फाटा. एका बोटाचं अंतर. मी सरांना म्हणाले, पुन्हा करा. त्यांनी केलं. मी अजून एकदा म्हणाले. माझ्यासारखी बाई परक्या माणसाला तीन तीनदा पुन्हा म्हणाली याचं घरी येताना मलाच नवल वाटलं.

मग मी वाजवलं. पहिल्यांदा नुसती फरफर, पतंगाची शेपटी फडफडावी तशी. बोट किती दाबायचं, नख कुठं लागतं, मानेवरच्या आडव्या पट्टीच्या किती जवळ धरायचं. कितीदा तरी फरफर. आणि मधेच एकदा, का ते कळलं नाही, सगळ्या तारा एकदम खऱ्या बोलल्या. गिटार छातीशी होती, आवाज बरगड्यांत शिरला. लहानपणी बसलेल्या म्हशीच्या पोटाला कान लावला की आत काहीतरी मोठं, संथ चाललेलं ऐकू यायचं, तसं झालं. फरक इतकाच की हे माझ्या दोन बोटांनी केलं होतं. मी गिटार काकूंच्या मांडीवर ठेवली आणि पोळ्या लाटायला गेले. त्या दिवशीची एकही पोळी गोल झाली नाही.

आणि तेव्हाच मला ती हवीशी झाली. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण इथं लिहिते. आयुष्यात मला वस्तू अशी कधी हवी झाली नव्हती. दागिना नाही, टीव्ही नाही. ही हवी होती, पण कुणी दिलेली नको होती.

बोटांच्या प्रत्येक ठेवणीला एकेक इंग्रजी अक्षराचं नाव, ती अक्षरं सर कागदावर लिहून द्यायचे. मी घडी करून कंबरेला खोचायची, वाचता कुठं येत होतं? सर तारांची नावं तोंडानं म्हणायचे, मी ती मराठीत टिपायची. वरची जाड तार ई. सगळ्यात खालची बारीक, तीही ई. दोघींचं एक नाव कसं? मी आपलं डोकं चालवलं. जाड ती दीर्घ ई, बारीक ती ऱ्हस्व इ. पुढच्या वेळी सर म्हणाले "ई बजाओ", मी विचारलं, "ऱ्हस्व का दीर्घ?" काकूंनी कपाळाला हात लावला. सरांना मात्र ते इतकं आवडलं की त्यानंतर तेही म्हणायचे, "आपा, वो दीर्घवाली उतर गई, कसो जरा."

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात जाऊ लागलेली. तिनं तो कागद बघितला. "आई, हे काय? तू काय आता स्टेजवर जाणार का?"

"नाय गं. बोटं ठेवायची असत्यात."

"कुठलं बोट कुठं?"

मी लाटणं घेऊन दाखवलं. दुसऱ्या पायरीवर तीन बोटं एका रांगेत, ही ए. दोन बोटं खाली आणि एक मधे पुढं, त्रिकोण, ही डी. सगळी ताणून, करंगळीजवळचं बोट थेट तळाला, ही जी. पट्ट्यांना मी पायऱ्याच म्हणायची. मुलगी अक्षर काढून दाखवायची, मी बोटं करून दाखवायची. ती आधी हसत होती. मग म्हणाली, "आई, तू वाचतीयस की."

ते खरं होतं. मी इंग्रजी अक्षरं डोळ्यांनी शिकले नाही, डाव्या हाताच्या बोटांनी शिकले. एकदा कामासाठी क्रांती चौकात गेले होते. सिग्नलला उभी राहिले आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं डी दिसलं. पदराआड माझी बोटं आपोआप त्रिकोणात गेली. शेजारच्या पाटीवर ए, बोटं रांगेत आली. वर कुठंतरी जी. सगळा चौक पाट्यांनी भरलेला, आणि पाट्या वाजायला लागल्या. मला रस्ता ओलांडायचं भान राहिलं नाही. ज्या अक्षरांची बोटं मला ठाऊक नव्हती ती तेवढी मुकी राहिली. एसटी गेली समोरून, तिची दोन्ही अक्षरं मुकी. पण जी बोलत होती ती माझ्याशी बोलत होती. एवढी वर्षं मी या गावात खाली मान घालून चालले, आणि वर हे चाललेलं होतं.

माझ्याकडं गिटार नव्हती, काकूंची फक्त संध्याकाळी मिळे. म्हणून मी टँकरच्या रांगेत सराव करायची. हंड्याच्या गळ्याला डावा हात धरायचा आणि बोटं बदलायची. ए, डी, परत ए. बायांनी ते बघितलंच.

"काय गं, हंड्याला गुदगुल्या करतीस व्हय?"

"मंतर घालती ती. टँकर लवकर यावा म्हणून."

"मग जोरात घाल ना माय! उन्हात उभं राहून डोकं फुटाय लागलंय."

मी लाजून हात पदरात घ्यायची आणि पदरात तेच करायची. डाव्या बोटांची टोकं आधी लाल झाली, मग सोलली, मग टणक झाली. पोळी लाटताना एकदा डाव्या बोटानं चुकून तवा शिवला आणि मला फारसं कळलं नाही. इतका आनंद झाला की सांगता येत नाही. माझे दोन्ही हात आता एका घरचे झाले होते.

काकूंची बोटं मात्र वळली नाहीत. चेंडूपेक्षा बरं झालं इतकंच. त्यांच्या तारा फरफरच करत राहिल्या, आणि त्यांना ते सोसेना. त्यात पाण्याचे हाल. मुलगा पुण्याहून सारखा फोन करी, आई, तू इकडं ये, बादल्या उचलायचं वय आहे का? एका संध्याकाळी सर गेल्यावर काकूंनी गिटार पिशवीत घातली आणि माझ्यासमोर धरली.

"ही घेऊन जा. मी पुण्याला चाललेय. मला येत नाही, तुला येते."

माझा हात पुढं गेला होता. खोटं कशाला लिहू. मग मी तो मागं घेतला.

"नको काकू."

"का नको? तोंडावर दिसतंय तुझ्या."

"अशी नाय घेणार."

"अशी म्हणजे कशी?"

ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा करत म्हणाले, "फुकट नाय."

काकू चिडल्या. "अगं, ही काय उतरलेली साडी आहे का? मी प्रेमानं देतेय!"

"व्हय काकू. ठाऊक हाय मला. पण मी जलमभर तुमच्यासमोर वाजवू शकणार नाय मग. वाजवताना तुमची वाटंल मला."

काकूंनी पिशवी खुर्चीवर ठेवली. मग म्हणाल्या, "बरं. विकत घेतेस?" आणि अगदी थोडा आकडा सांगितला.

मी नकाराची मान हलवली. पुढच्या वेळी सरांना विचारलं, वापरलेली अशी गिटार दुकानात कितीला जाईल, खरं सांगा. सरांनी काकूंकडं बघितलं, काकूंनी डोळे वटारले. सर म्हणाले, "बेगम साब, आपा खैरात नै मांग रई, भाव पूछ रई." आणि खरा भाव सांगितला. तो आकडा माझ्या आवाक्याबाहेरचा होता. पण ठरलं तेच. थोडे पगारातून, बाकीचे काकू गेल्यावर जमतील तसे. काकू म्हणाल्या, "आमच्या कचेरीतले ठेकेदार तुझ्यासारखे असते तर कालवे गळले नसते."

गिटार घरी आली आणि त्याच सुमारास बांधकामं थांबली. पाणीच नाही तर सिमेंट कशात कालवणार? आमचे हे घरी बसले. पिशवीकडं बघून म्हणायचे, "लोकं लेकीच्या लग्नासाठी हप्ते भरत्यात. ही बया लाकडाला भरतीय."

"विकू का मग?" मी एकदा म्हणाले. मनापासून म्हणाले. घरात डाळ मोजून शिजत होती.

दुपार होती, पत्रा तापलेला, बाहेर चिटपाखरू नाही. मी पिशवी उघडली, शेवटचंच वाजवावं म्हणून. आधी भरलेली नहर वाजवली, मग एक बोट उचललं. आमचे हे भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "हे दुसरं काय हाय?"

"मायनर."

त्यांनी डोळे उघडले. "आपला?"

"व्हय."

"पुन्हा वाजव."

मी वाजवलं. त्यांनी जमिनीवर हात ठेवला होता, सिमेंटच्या फरशीवर. थोड्या वेळानं म्हणाले, "खाली येतंय हे. फरशीत." तळवा तसाच ठेवून बसून राहिले. घर बांधणारा माणूस, किती फरश्या बसवल्या असतील त्यांनी, आणि त्यातून कधी काही असं वर आलं नव्हतं. विकायचं पुन्हा कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते टँकरवर किन्नर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा क्लीनर, म्हणून कामाला लागले, गवंडीपणाचा मान बाजूला ठेवून. मी आणखी एक घर धरलं.

काकूंचं सामान टेम्पोत गेलं तेव्हा देणं बरंच शिल्लक होतं. निघताना म्हणाल्या, "राहिलेलं सोडून दे गं. कोण विचारतंय?" मी नुसतं हसले. त्यांना कळलं.

त्यानंतरचं फार लिहिण्यासारखं नाही. एखाद्या महिन्यात काहीतरी जमायचं, एखाद्या महिन्यात नाही. मुलगी ते पैसे काकूंना फोनवरून पाठवायची. गिटार वाजवायला घेतली की आधी मनात येई, हिची मान तेवढी माझी झाली. मग काही महिन्यांनी, पोटापर्यंत झाली. असं मी एकेक भाग सोडवत आणला. सर महिन्यातून एकदा यायचे, चहावर शिकवायचे. शिकवणीचे पैसे म्हणून हातात काही ठेवलं तर म्हणायचे, "नक्को आपा, मैं तो चाय का शागिर्द." पण त्यांचं वेगळं. ते शिकवणं होतं, आणि घरी आलेल्या सरांना चहा देणं हा आमचा मान होता.

मग एका वर्षी चांगला पाऊस झाला. विहिरींना पाणी आलं, बांधकामं सुरू झाली, हे पुन्हा करणी-थापी घेऊन कामावर जाऊ लागले. काकूंचा बंगला बिल्डरनं घेतला. तिथं आता मोठी इमारत व्हायची होती. सही करायला काकू आल्या आणि मला बोलावणं धाडलं.

बंगला रिकामा होता. भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोन उरलेले. मी राहिलेले सगळे पैसे घेऊन गेले होते, आणि गिटारही नेली होती. का नेली ते सांगता येणार नाही. काकू खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या, थकलेल्या.

"वाजव," म्हणाल्या.

"आधी हे घ्या."

त्यांनी पैसे घेतले. मला वाटलं पर्समध्ये टाकतील. पण त्यांनी चष्मा लावला आणि मोजले. सगळे. एकेक नोट सरळ करत, न वळणारी बोटं हळूहळू वळवत. मधे चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी त्यांच्यासमोर ताठ उभी होते. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती कधी वाटली नव्हती. न मोजता घेतले असते तर मी रडले असते.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "काही राहिलं नाही."

"फिटलं ना काकू?"

काकूंनी चष्मा काढला आणि माझ्याच बोलीत म्हणाल्या, "व्हय गं बाई. फिटलं."